सुप्याचा बाजार आणि ऋणाचा कागद

गांजलेला मनुष्य उठतो तेव्हां तो कशावर हात टाकतो, ह्या प्रश्नाचा विचार आपण ह्या पाठांत करूं.

सन 1830 मध्यें इंग्लंडच्या दक्षिण भागांतील शेतमजुरांनीं मळणीचीं यंत्रें फोडलीं; कारण हिंवाळ्यांत मळणीची मजुरी हाच त्यांचा आधार होता. पुढें 12 मे 1875 रोजीं आपल्या पुणें जिल्ह्यांत, सुपें येथें, बाजाराच्या दिवशीं कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनीं मागितलें काय? रोखे व वह्या. ते हातीं येतांच जाळून टाकले. हें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें; तरी माणसांच्या जिवावर हात क्वचितच पडला. इंग्रज मजुराचें अन्न यंत्रानें नेलें, आमच्या कुणब्याची जमीन कागदानें.

हा कागद एवढा बळावला कसा? अमेरिकेंतील यादवी युद्धांत (1861–65) कापसाचा भाव चढला व कर्ज सहज मिळूं लागलें. युद्ध संपतांच भाव उतरला. तशांत सन 1867 पासून फेरपाहणी होऊन सारा वाढला. सन 1859 च्या कायद्यानें कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली होती. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परंतु सावकार मुदत भरतांच व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा करूं लागले, आणि निरक्षर कुणबी त्याखालीं नांगराची निशाणी करी.

आतां उपाय पाहूं. इंग्लंडांत सन 1834 च्या कायद्यानें ठरविलें कीं, धडधाकट गरजूनें श्रमगृहांत यावें, व तेथील जिणें बाहेरच्या हलक्या मजुराहूनही कष्टाचें असावें. तीच दृष्टि येथें 1877 च्या दुष्काळांत दिसली. सरकारी कामांवर पुरुषाची रोजी एक पौंड धान्य व एक आणा इतकी उतरविली. तेव्हां हजारों मजूर कामें सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. सन 1879 च्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. परंतु ज्यास जमीनच नाहीं, त्याचें काय? 1972 च्या दुष्काळानंतर, सन 1977 मध्यें, महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला. तेव्हां कुठें काम हें दान न राहतां हक्क ठरलें.

कासारवाडींत आज नांगराच्या जागीं कारखाने आहेत. कर्जाचा कागद मात्र गेला नाहीं. म्हणून आम्ही कळकळीनें सांगतों: सही करण्यापूर्वीं मुद्दल, व्याज व मुदत हीं तिन्ही समजून घ्या, आणि ज्यास वाचतां येतें त्यानें शेजार्‍यास वाचून दाखवावें. सुप्याच्या बाजारांत एकही वाचणारा मित्र कुणब्याजवळ असता, तर कदाचित् आग लागली नसती.

विचारासाठीं प्रश्न: दान व हक्क ह्यांत भेद कोणता? आपल्या आळींत न वाचतां सही करणारा कोण आहे?