गट नंबर ११२, पण कोणत्या गावचा?

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या चावडीवर एखाद्या शेतकऱ्याने ‘गट नंबर ११२ चा सातबारा द्या’ म्हटले, तर तेवढे पुरते. दप्तर त्याच गावचे असते. परंतु गट नंबर प्रत्येक गावात पुन्हा १ पासून सुरू होतात. ११२ नंबर शेजारच्या गावीही असू शकतो. भलत्याच उताऱ्यावर कर्ज काढले गेले, तर प्रकरण कोर्टात जायचे! म्हणून जमिनीची ओळख जिल्हा, तालुका, गाव व गट नंबर मिळूनच पुरी होते.

आता समजा, १००० गावांचे प्रत्येकी १००० उतारे संगणकातील एका कोष्टकात ठेवायचे आहेत. सोयीसाठी कोष्टकाचे गाववार विभाग, म्हणजे ‘पार्टिशन’, पाडले आणि प्रत्येक विभागाला स्वतःची क्रमवार सूची दिली. हीच ‘लोकल इंडेक्स’. अशा सूचीत मधली नोंद पाहून दर वेळी निम्मा भाग वगळता येतो. २ चा १० वा घात १०२४ आहे. म्हणून १००० नोंदींतील हवी ती नोंद सुमारे १० तुलनांत सापडते.

ओळीची एकमेव ओळख म्हणजे ‘प्रायमरी की’. प्रत्येक उताऱ्याला नवा अनुक्रमांक देऊन तो एकटाच की ठरवला तर? ५००१ हा क्रमांक आधी कोठे दिला आहे काय? राळेगणसिद्धीच्या सूचीला फक्त आपले गाव ठाऊक! उरलेल्या ९९९ सूच्या चाळाव्या लागतील, आणि तेवढ्यात तोच क्रमांक दुसरीकडे नोंदला जाईल. यावरून नियम निघतो: ज्या स्तंभावरून विभाग पाडले, तो स्तंभ की मध्ये हवाच. ‘गाव व क्रमांक’ ही जोडी एकाच विभागात पडते. तेथील सूचीचा निवाडा पुरेसा होतो. ‘पोस्टग्रेस’ प्रणालीत २०१८ पासून विभागलेल्या कोष्टकाला की देता येते, ती याच अटीवर.

मात्र गाव न सांगता खातेदाराच्या नावाने शोधू लागलो, तर १००० × १० = १०,००० तुलना! गाव नमुना ८अ सुद्धा एका गावापुरताच असतो, हे आठवा. ‘ओरॅकल’मध्ये सर्व विभागांची मिळून एकच ‘ग्लोबल इंडेक्स’ करता येते. मग २० तुलना पुरतात. पण एखादा विभाग काढला, की त्याच्या नोंदी त्या मोठ्या सूचीतूनही वेचाव्या लागतात.

आता तुमच्या शाळेचे पाहा. हजेरी क्रमांक वर्गापुरता, जनरल रजिस्टरचा नंबर शाळेपुरता. यांपैकी एकटा की कोण होईल? आणि रजिस्टरच्या वर्गवार वह्या केल्या, तर तो नंबर दोघांना दिला गेला नाही, हे कोण पाहील?