थायरॉईडचा हिशेब आणि बाळाचे पहिले पंधरा दिवस

आमच्या रुग्णालयात तपासणीचे कागद ज्या खिडकीवर दिले जातात, तेथे एक प्रश्न वर्षभर हमखास विचारला जातो : "टीएसएचचा आकडा तर वाढला आहे, मग थायरॉईड कमी झाला असे डॉक्टर कसे म्हणतात?" विचारणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. एक आकडा चढला म्हणजे दुसरी गोष्ट उतरली, हे सरळ बुद्धीला चटकन पटत नाही. जमाखर्चाच्या पानांसोबत आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा, या प्रघातानुसार यंदा आम्ही हाच विषय घेतला आहे. आमचे स्वतःचे शिक्षण वाणिज्य शाखेतले. तेव्हा डॉक्टर मंडळींकडून समजून घेतलेली ही माहिती हिशेबाच्या भाषेत उतरली, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

लाळ किंवा घाम निर्माण करणाऱ्या ग्रंथी आपला स्राव नळीवाटे ठरावीक जागी सोडतात. अंतःस्रावी ग्रंथींना अशी नळी नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळून सर्व शरीरभर फिरतो आणि ज्या पेशींना तो ओळखता येतो, त्याच त्याला प्रतिसाद देतात. या स्रावांना संप्रेरके म्हणतात. 'हॉर्मोन' हा शब्द इंग्लंडमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली वापरात आणला. स्वादुपिंडातील इन्सुलिन मधुमेहामुळे घरोघरी माहीत झाले आहे. त्यामानाने थायरॉईडविषयी समज कमी आणि गैरसमज अधिक.

थायरॉईड, म्हणजेच अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला बिलगून असते. आकार फुलपाखरासारखा, वजन साधारण १५ ते २० ग्रॅम. अन्नातून मिळणाऱ्या आयोडीनपासून ती टी-४ व टी-३ ही संप्रेरके बनवते. नावातील आकडा आयोडीनच्या अणूंची संख्या दर्शवितो. शरीराची ऊब, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, केस, त्वचा, स्त्रियांची पाळी, या साऱ्यांची गती त्यांवर अवलंबून असते.

या ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीची. रक्तातील थायरॉईड संप्रेरकाची शिल्लक ती सतत पाहत असते. शिल्लक घटली की ती टीएसएच नावाचे मागणीपत्र अधिक प्रमाणात पाठवते. शिल्लक पुरेशी झाली की मागणी आवरते. भांडाराकडे मागणीपत्रांचा ढीग साचला, तर माल पुरत नाही असेच आपण समजतो ना? वाढलेल्या टीएसएचचा अर्थ बहुधा तोच असतो. थायरॉईड अति काम करू लागला, तर हाच आकडा अगदी खाली जातो. मात्र क्वचित पीयूषिकाच आजारी असते, आणि मग मागणीपत्रेच निघत नाहीत. म्हणून केवळ एका आकड्यावरून घरी निष्कर्ष काढू नये.

गोळी सुरू केल्यावर पुन्हा तपासणीसाठी सहा ते आठ आठवडे का थांबावयाचे, असेही विचारले जाते. टी-४ चे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे सात दिवस लागतात. नवी पातळी स्थिरावण्यास तेवढा अवधी द्यावाच लागतो. याच संथपणामुळे एक धोकाही संभवतो. "रिपोर्ट नॉर्मल आला" म्हणून गोळी बंद करणाऱ्यास पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे कृपया ध्यानात घ्यावे. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात.

मोठ्या माणसाच्या बाबतीत झालेला उशीर बहुतेक वेळा उपचाराने भरून निघतो. नवजात बालकाचे तसे नाही, आणि हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण हेच. साधारणतः हजारभर जन्मांमागे एखाद्या बाळाची थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नसते किंवा पुरेसे काम करीत नाही. गर्भात आईचे संप्रेरक काही अंशी त्याला मिळत असल्याने जन्मतः ते अगदी निरोगी दिसते. पुढे ते फार झोपते, कमी रडते, दूध ओढण्यास आळसते, कावीळ रेंगाळते. घरातील वडीलधारी मंडळी "किती गुणी बाळ, त्रास म्हणून नाही" असे कौतुकाने म्हणतात. तोवर मेंदूच्या घडणीचे मोलाचे दिवस निघून जातात, आणि तेव्हा झालेली बुद्धीची हानी पुढे कितीही औषध दिले तरी पूर्णपणे भरून येत नाही. याउलट पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात, शिकतात. औषध म्हणजे तीच स्वस्त गोळी, आईच्या दुधात चुरून चमच्याने द्यावयाची. काही मुलांत हा दोष तात्पुरता असतो. पण ते वयाच्या तीन वर्षांनंतर डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे असते.

तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे काही थेंब शोषकागदावर घेतात. जन्मानंतर लगेच टीएसएच स्वाभाविकपणेच उसळलेला असतो, म्हणून ४८ तास उलटल्यावर नमुना घेणे इष्ट. टाचेला टोचू देण्यास आजी-आजोबांचे मन तयार होत नाही, हे आम्ही समजू शकतो. परिचारिकांनी त्यांच्याशी बोलण्यास वेळ द्यावा, असे आम्ही सांगून ठेवले आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. अहवाल हाती येईपर्यंत बाळ-बाळंतीण घरी गेलेली असतात. पहिले बाळंतपण पुष्कळदा माहेरी होते, पण केसपेपरवर पत्ता सासरचा आणि दूरध्वनी क्रमांक जावयांचा, तेही कामानिमित्त परगावी. फेरतपासणीसाठी बाळाला बोलवावयाचे, तर निरोप द्यावा कोणाला? तेव्हा प्रसूतीसाठी नाव नोंदविताना पुढील महिनाभर बाळ ज्या घरी राहणार असेल, तेथील पत्ता व हमखास उचलला जाणारा एक क्रमांक केसपेपरवर अवश्य लिहून द्यावा. तपासणीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांनी समाजसेवा विभागात घरी जाण्यापूर्वीच भेटावे. देणगीदारांच्या साहाय्याचा विनियोग अशा वेळी करता येतो.