जुळणीकडून आराखड्याकडे : मालमोटार उद्योगाचा धडा

यंत्रे आयात केली की तंत्रज्ञानही आपोआप देशात येते, असा एक समज आहे. भारतीय मोटार उद्योगाचा अनुभव निराळा आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात मोटारींची प्रामुख्याने जुळणी होत असे. सुटे भाग परदेशातून यावयाचे व येथे गाड्या उभ्या राहावयाच्या. टप्प्याटप्प्याने निर्मिती करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांनी जुळणी थांबवावी, असे धोरण टॅरिफ आयोगाच्या शिफारशीनुसार १९५३ साली स्वीकारण्यात आले. परिणामी जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम बंद केले.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. हा करार १९६९ मध्ये संपला. करार संपल्यावर हाती काय उरते, हीच अशा सहकार्याची खरी कसोटी होय.

या कसोटीची तयारी पुण्यात आधीच सुरू झाली होती. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली १९६६ पासून पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाना उभा राहू लागला. तेथे प्रथम गाड्या नव्हेत, तर गाड्यांचे भाग घडविणारी यंत्रे व साचे तयार करण्यावर आणि शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. त्याच वर्षी पुण्यात संशोधन केंद्रही स्थापन झाले. पुण्यातून पहिले व्यापारी वाहन मात्र १९७७ साली बाहेर पडले. इतक्या वर्षांची ही गुंतवणूक वरवर पाहता निष्फळ वाटण्यासारखी होती. तिचे मोल पुढे कळले. ऐंशीच्या दशकात जपानी सहकार्याने बनलेल्या हलक्या मालमोटारी बाजारात आल्या, तेव्हा टेल्कोने १९८६ साली स्वतः विकसित केलेली '४०७' त्यांच्यासमोर उभी केली.

परवान्याने आराखडा मिळतो. तो बदलण्याची कुवत मात्र स्वतःच कमवावी लागते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांनी व विजेवरील वाहनांनी हीच कसोटी पुन्हा पुढे आणली आहे. या वेळी ती केवळ मोठ्या कारखान्यांची नाही. विजेच्या वाहनात इंजिनच नसल्यामुळे, इंजिनाचे भाग बनविणाऱ्या लघुउद्योजकाला व त्याच्या कामगाराला नवे कौशल्य वेळीच आत्मसात करावे लागेल. ती संधी त्यांना मिळणे, हाच या उद्योगाच्या पुढील प्रगतीचा पाया होय.