डोकं उठतं, ते नाटक नाही

ताईंनो, मागच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "पोरगी नववीत गेल्यापासून सारखी डोकं धरून बसते. अभ्यासाचा कंटाळा समजायचा का?"

डोकं ठणकतं, उजेड-आवाज नकोसा होतो, मळमळतं, तर ती अर्धशिशी असू शकते. या वयात दोन्ही बाजूंनाही दुखतं. उपाशीपोटी शाळा, अपुरी झोप, पाळीचे दिवस यांनी त्रास वाढतो. आधी डॉक्टरांना दाखवा.

पण दुखण्याइतकीच त्याची धास्ती असते. "परीक्षेतच डोकं उठलं तर?" तिथे सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा सराव उपयोगी पडतो. दुखत नसताना रोज पाच मिनिटं तिच्यासोबत बसा. डोळे मिटून श्वास येतो-जातो तेवढंच बघायचं. रोखायचा नाही, मुद्दाम ओढायचाही नाही. मन भटकलं की परत आणायचं. (माझं तिसऱ्याच श्वासाला हजेरीपत्रकावर गेलं होतं!) मग कपाळ, जबडा, खांदे आवळलेले असतील तर सैल सोडायचे. यानं ठणका लगेच थांबेल असं नाही, पण घाबरून अंग आखडणं कमी होतं.

डॉक्टरांचं औषध मात्र चालू ठेवा. दुकानातून आणलेल्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, तापात मान आखडली किंवा हातापायातली ताकद गेली, तर श्वास बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

आणि दुखलेल्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा. त्या दिवशी जेवली होती का, किती झोपली, तेही लिहा. तपासणीला जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.