वाडगा जाळावा, पण बाहेरूनच

प्रश्न : मी आंब्याच्या लाकडाचे वाडगे हाताने कोरते. जपानी पद्धतीने आतून-बाहेरून जाळले, की त्यांत पाणी मुरत नाही आणि तेलही लावावं लागत नाही, असं ऐकलं. खरं आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : निम्मंच खरं आहे. ‘याकिसुगी’ ही रीत मुळात घरांच्या बाहेरच्या भिंतींसाठी. सुगी झाडाच्या तीन फळ्यांची त्रिकोणी नळी बांधून ती आतून पेटवतात. जपानमधल्या नाओशिमा बेटावर अशा काळ्या भिंतींची घरं आजही दिसतात. जळलेल्या थरामुळे फळी ऊनपावसात जास्त टिकते. पण पाणी मुरायचं थांबत नाही. शिवाय हा थर ठिसूळ, नुसतं बोट फिरवलं तरी काळं होतं. म्हणून वाडग्याची आतली बाजू आणि काठ जाळू नका.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, नाहीतर तडे जातात. गॅस टॉर्च सतत फिरता ठेवा. थंड झाल्यावर पितळी तारांच्या ब्रशने रेषांच्या दिशेने काजळी काढा, पुसा. मग आतबाहेर कच्च्या जवस तेलाचे पातळ हात द्या आणि काही आठवडे वाळू द्या. शेंगदाणा तेल वाळत नाही, खवट होतं. दुकानातल्या ‘बॉइल्ड’ जवस तेलात बहुधा धातुयुक्त रसायनं असतात, तेही टाळा.

काम उघड्यावर, पाण्याची बादली शेजारी ठेवूनच करा. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा. एवढं सांभाळलंत, तर फळं-सुकामेव्यासाठी हा वाडगा निर्धास्त वापरा.