औषध देण्याआधी पाच प्रश्न



घरात कोणी आजारी पडलं की डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात. पण ते औषध रोज तोंडात, डोळ्यात, नाहीतर सुईने देतं कोण? बहुतेक घरांत आपणच. म्हणून या महिन्याचा धडा त्याचाच.

३१ जानेवारी २०२१ ला पोलिओ डोसाच्या दिवशी आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात १२ लेकरांना डोसाऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. सुदैवाने सगळी बरी झाली. ती चूक तर शिकलेल्या हातांनी केली. मग रात्री अंधुक उजेडात, घाईघाईत आपल्या हातूनही होऊ शकते.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे. पोटात घ्यायचं तेही औषध आणि कपाशीवर फवारायचं तेही औषधच! फवारणीचं औषध घराबाहेर, कुलपात ठेवा. त्याची रिकामी बाटली कशालाच वापरू नका.

प्रत्येक वेळी विचारा

कोणाचं? कोणतं? किती? केव्हा? कुठून द्यायचं?

औषध घेताना खिडकीवरच ही पाच उत्तरं मोठ्याने म्हणून दाखवा आणि "बरोबर आहे ना?" असं विचारा. वाचता येत नसेल तर लाजू नका, आशाताईला विचारा. मुदत संपल्याची तारीखही पाहून घ्या.

तोंडावाटे

घरातले चमचे लहानमोठे असतात. पातळ औषध बाटलीसोबतच्या मापानेच द्या. तापाचं पॅरासिटामॉल लेकरांसाठी दोन प्रकारचं मिळतं. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मि.ली.मध्ये १०० मि.ग्रॅ. औषध असतं, तर साध्या सिरपच्या ५ मि.ली.मध्ये १२५ मि.ग्रॅ. म्हणजे थेंबांचं औषध चौपट कडक. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर चौपट औषध पोटात जाईल.

ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यात घोळा. ग्लासभर पाण्यात अंदाजाने अर्धी पुडी टाकू नका. २४ तासांनी उरलेलं पाणी फेका.

लेकराला आडवं निजवून, नाक दाबून औषध पाजू नका, ठसका लागतो. बसवून, गालाच्या कडेने थोडं थोडं द्या. मोठ्यांची गोळीही विचारल्याशिवाय कुटू नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात.

डोळ्यात, कानात

हात धुवा. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. कानाचं औषध डोळ्यात कधीच नको. एकाचं डोळ्याचं औषध दुसऱ्याला नको.

सुईने

घरी इन्सुलिन देत असाल तर बाटलीवर ४० आहे की १००, ते पाहा. ४० च्या बाटलीला ४० च्याच खुणांची सुई लागते. आकडे जुळले नाहीत तर द्यायची थांबा, आधी विचारा. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मातीच्या माठाजवळ सावलीत ठेवा. एकाची सुई दुसऱ्याला वापरायची नाही. वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून आरोग्य केंद्रात द्या.

आणि "सुई मारल्याशिवाय बरं वाटत नाही" म्हणून डॉक्टरांकडे हट्ट धरू नका. जिथे गोळीने काम होतं तिथे सुई नको.

चूक झालीच तर

लपवू नका. उलटी करायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका. १०८ ला फोन लावा आणि बाटली सोबत न्या. काय, किती आणि केव्हा गेलं हे डॉक्टरांना कळलं की उपचार लवकर होतो.

पुढच्या बैठकीत

प्रत्येकीने घरातली औषधाची एक बाटली किंवा गोळ्यांची पट्टी आणावी. आशाताईला बोलवा. एकीने बाटली दाखवायची, दुसरीने पाच प्रश्न विचारायचे. उत्तर अडलं तर ती बाटली बाजूला ठेवा आणि रोहण्याच्या आरोग्य केंद्रात विचारूनच पुन्हा वापरा. बचतीचा हिशेब आपण दोनदा तपासतो, औषधाचाही तसाच तपासायचा.