विहिरीतल्या दोन सवयी

कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर

चि. सायलीस,


तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात स्कूबा शिकायला निघालीस, हे ताईकडून कळलं आणि ऊर भरून आला. पाठीला पत्र्याचा डबा बांधून आपल्या विहिरीत हातपाय मारणारी तू अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेस. पण त्या विहिरीत मीच लावलेल्या दोन सवयी तुला आता मोडाव्या लागतील, म्हणून हे पत्र.

पहिली सवय दम कोंडण्याची. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून बुडी मारतो. खाली ती दबते, वर आल्यावर होती तेवढी होते. समुद्रात १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि सिलिंडरमधून तुला मिळणारी हवाही तेवढ्याच दाबाची असते. तो श्वास कोंडून वर आलीस, तर हवा फुगत जाऊन फुप्फुस फाटेल. म्हणून कितीही घाबरलीस तरी श्वास चालू ठेव आणि मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर येऊ नको. उतरताना कान दुखायची वाट न बघता, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकत जा. पडसं असेल त्या दिवशी पाण्यात उतरूच नको.

दुसरी सवय तळातून खूण आणण्याची. मूठभर गाळ वर आणलास, तेव्हाच मी तुला पट्टीची पोहणारी म्हटलं होतं. मालवणच्या खडकावर मात्र जो दगड वाटेल तो जवळून बघ. त्यावर बारीक बारीक तोंडं दिसतील. ती प्रवाळाच्या जिवांची वस्ती आहे. असा गोटा वर्षाला बोटाच्या पेराएवढाही वाढत नाही आणि तुझ्या पायातल्या फिनचा एक फटका त्याला पुरतो. त्याच खडकाच्या कपारीत गोब्रा मासा दबा धरतो, माशांची पिल्लं आसरा घेतात. म्हणून कशालाही हात न टेकता पाण्यात अधांतरी राहायला आधी शिक. हे सगळं राखायला १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झालं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानेही प्रवाळाला संरक्षण आहे. पण पाण्याखाली पहारेकरी नसतो, तिथे तुझंच मन पहाऱ्यावर हवं. फोटोसाठी माशांना टाकायला कुणी पाव दिला, तर नम्रपणे नाही म्हण.

परत आलीस की आपण विहिरीच्या काठावर बसू. काय काय पाहिलंस ते सगळं सांग. हात मात्र रिकामेच घेऊन ये.

तुझा,
मामा